खुडूक कोंबडी उरलेली अंडी सोडून उठतेय, काय करू?

खुडूक कोंबडीखाली 9 अंडी ठेवलेली, काल 21 वा दिवस झाला, 4 पिल्लं निघाली. पण मधेच दुसरी कोंबडी त्याच टोपलीत अंडी घालून गेली आणि मी खुणा करायला विसरले (आळशीपणा माझाच), त्यामुळे आता कुठलं कितव्या दिवसाचं काही कळत नाही. रात्री टॉर्च लावून बघितलं, दोन पूर्ण काळी दिसतायत, एकात नुसत्या लाल शिरा, आणि एकाला बारीक टवका उडालाय, आतून चिवचिव येतेय पण सकाळपासून पुढे काहीच नाही. पिल्लं बाहेर पळतायत म्हणून आई सारखी उठतेय, अंडी गार पडतायत. टवकावाल्याला हात लावू की थांबू? बाकीची दुसऱ्या खुडुकीखाली सरकवली तर ती घेईल का?