घाटंजीकडं राहतो, शौक अन सुरक्षा दोन्हीसाठी स्वस्तातलं रिव्हॉल्वर घ्यावं का पिस्तूल?

वावर_अन_दुकान:
राम राम मंडळी. माहं गाव घाटंजी तालुक्यात, लहानसं कृषी केंद्र आहे अन गावापासून थोडं दूर वावर. सीझनमध्ये उधारीची वसुली होते तवा संध्याकाळी गल्ला घेऊन एकट्यालेच मोटरसायकलवर घरी या लागते, मधात नाला पडते, तठी लाईट नाही, मांगच्या दिवाळीत तठीच एका दूधवाल्याले अडवून पैसे काढले होते. दुसरी गोष्ट म्हणजे मले निशाण्याचा शौक लहानपणापासून, जत्रेत फुगे फोडाच्या दुकानावर सारे पैसे उडवनारा पोट्टा म्हणजे मीच. तर डोक्यात असं आहे का एकच काहीतरी हातातलं घ्यावं, रविवारी वावरात निशाणा धराले बी होईन अन वेळ आली तर जीव वाचवाले बी. बजेट चाळीस हजार, लय ताणलं तर साठ. यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहून राह्यलो, तठी टॉरसचं नऊ एमएम पिस्तूल तीनशे डॉलरच्या आसपास भेटते म्हणते, म्हणजे आपले पंचवीस-तीस हजार. आपल्याकडं तसं काही भेटते का? कोणाजवळ असन तर खरं खरं सांगजा, ज्ञान नोका देऊ.

माजी_सुभेदार_वर्धा:
भाऊ, ते अमेरिकेचे व्हिडिओ पहिले बंद कर. नऊ एमएम आपल्याकडं प्रोहिबिटेड बोरमध्ये, म्हणजे बंदी असलेल्या नळीच्या मापात येते, साध्या माणसाले भेटत नाही, त्याची परवानगी दिल्लीवरून असते. अन बाहेरची हत्यारं इम्पोर्ट करणं सामान्य माणसाले ऐंशीच्या दशकापासूनच बंद आहे, म्हणून जुनं एखादं विदेशी वेब्ली नाहीतर वॉल्थर विकाले निघालं का त्याची किंमत ऐकूनच माणूस खाली बसते. तिकडं जे हत्यार मोबाईलच्या भावात भेटते ते इकडं ट्रॅक्टरच्या भावात जाते, हे आधी डोक्यात बसव.

आता आपल्याकडं खरंखुरं काय भेटते ते सांगतो. लायसनवर .३२ बोरचं ऑर्डनन्सचं, म्हणजे सरकारी शस्त्र कारखान्याचं रिव्हॉल्वर, सहा गोळ्यांचं, हे सगळ्यात जास्त लोकांजवळ आहे. त्याच बोरमध्ये अशनी पिस्तूल. मग निर्भीक रिव्हॉल्वर, २०१४ साली कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीनं काढलं, वजनाले अर्धा किलो, बायकांच्या पर्समध्ये मावन असं सांगून काढलेलं अन किंमत ठेवली सव्वा लाखाच्या जवळपास. त्याच्यानंतर निडर नावाचं .२२ चं हलकं रिव्हॉल्वर आलं, ते निघालं तवा पस्तीस हजाराच्या आसपास होतं, तुह्या बजेटमध्ये बसनारं नाव तेवढं एकच. कानपूरनंच २०२३ मध्ये प्रबल काढलं, .३२ चंच, नळी थोडी लांब. खाजगी कंपनीत वेब्ली अँड स्कॉटवाले आता यूपीत हरदोई जिल्ह्यात .३२ बनवून राह्यले. आजचा भाव दुकानात जाऊनच विचार, पण .३२ मध्ये नवं घ्याचं म्हटलं तर लाखाच्या खाली काही दिसनार नाही. गंमत पाह्य, आपल्याकडं अंबाझरी आहे, भद्रावती आहे, भंडाऱ्याचं जवाहरनगर आहे, एवढ्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या विदर्भात, पण रिव्हॉल्वर आपल्याले बाहेरूनच आणा लागते.

पण भाऊ, हत्यार महाग नाही पडत, काडतूस महाग पडते. महाग बी अन मोजकं बी. तुह्या लायसनवर वर्षाचा आकडा लिहून येते, तेवढीच घेता येते, दरवेळेस दुकानदार पुस्तकावर नोंद करते. म्हणजे रविवारी वावरात ठो-ठो करत बसाचा जो तुहा विचार आहे तो विसरून जा. हिंदुस्थानात .३२ वाल्यापैकी लय जण असे आहेत का घेतल्यापासून त्यांनी दोन हाताच्या बोटाइतक्या गोळ्या झाडल्या नसतीन. अन ज्यानं झाडल्याच नाही त्याच्या हातात अंधारात नाल्याजवळ ते काय कामाचं?

नागपूरचा_राजा:
अबे भाऊ वसुली फोनपेवर घे ना बे, कापसाचे चुकारे बी आता खात्यात येते, तू काहून गल्ला घेऊन फिरून राह्यला 😄 क्यूआर कोडचं स्टिकर फुकटात भेटते, लायसन बी लागत नाही.

वावर_अन_दुकान:
राजाभाऊ, आमच्याकडं म्हातारे लोक अजून धोतराच्या कनवटीतून नोटा काढून देते, त्यायले काय क्यूआर दाखवू. पण अर्धी गोष्ट तुमची बरोबर आहे.
सुभेदार साहेब, लायसन भेटाले किती त्रास आहे? अन एक पोट्टा मले म्हणून राह्यला होता का खांडव्याकडून पंधरा हजारात काम होते, तो म्हणते कोणाले माहीत पडते.

माजी_सुभेदार_वर्धा:
त्या पोट्ट्याचा नंबर डिलीट कर. गावठी कट्टा फुटते ते समोरच्याच्या नाही, चालवनाऱ्याच्या हातात. पाण्याच्या पाइपाची नळी असते ती, काडतुसाचं प्रेशर सहन करतच नाही. अन सापडला तर पुढचं वकील साहेब सांगतीन.

काळा_कोट_यवतमाळ:
सुभेदारांनी बोलावलंच आहे तर लिहितो. विनापरवाना हत्यार बाळगलं तर शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम २५ लागतं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात कमीत कमी दोन वर्षं अन पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुमचं कृषी केंद्राचं लायसन, बँकेचं कर्ज, पोराची पोलीस भरती, सगळं त्या पंधरा हजाराच्या मागं जाते. वर कोणी खरंच अंगावर आलं अन तुम्ही कट्टा चालवला, तर स्वसंरक्षण सिद्ध करायच्या आधी हत्यार कुठून आणलं याचंच उत्तर द्यावं लागेल.

परवान्याचं असं आहे. वय २१ पूर्ण पाहिजे. अर्ज ऑनलाईन भरायचा, यवतमाळ जिल्ह्यात देणारे म्हणजे कलेक्टर साहेब, नागपूर-अमरावती शहरात पोलीस आयुक्त. फॉर्मसोबत डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं ट्रेनिंग केल्याचं लागतं, अन घरात कुठं कसं कुलपात ठेवणार हेही लिहून द्यावं लागतं. मग फाईल ठाण्यात जाते, तिथून चारित्र्य पडताळणी, गावात चौकशी. खरी गाडी अडते ती "तुम्हाला धोका कशाचा" इथं. नुसतं "मी व्यापारी आहे" म्हटलं का फाईल खाली जाते. दुकानाची उलाढाल, आयकर रिटर्न, बँकेत किती कॅश भरली त्याच्या स्लिपा, अन कधी धमकी आली असेल, अडवलं असेल तर तेव्हाची तक्रार, हे कागद बोलतात. दूधवाल्याला अडवलं तो गुन्हा नोंदवला गेला असेल तर त्याची प्रत काढून ठेवा. तरीही नकार येऊ शकतो, तेव्हा विभागीय आयुक्तांकडं अपील आहे. परवाना आता पाच वर्षांचा असतो, आधी तीनचा होता. अन निवडणूक लागली का आचारसंहितेत हत्यार ठाण्यात जमा करायची नोटीस येऊ शकते, आपल्याकडं ग्रामपंचायत, झेडपी, विधानसभा काही ना काही चालूच असते, म्हणजे ऐन वसुलीत तुमचं रिव्हॉल्वर मालखान्यात.

अजून एक. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पण जेवढा धोका तेवढाच बळाचा वापर. पैसे घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर ते स्वसंरक्षण नाही, तो तुमच्यावरचा गुन्हा आहे.

रोही_परेशान:
मी राळेगावकडचा. २०१८ मध्ये अवनी वाघिणीचं चालू होतं तवा आमच्याकडं बी सारे म्हणत होते बंदूक पायजे बंदूक पायजे. भाऊ, वावरात जागलीले जात असशीन अन त्याच्यासाठी घेत असशीन तर रिव्हॉल्वर कामाचंच नाही, रानडुकराले .३२ लागली तर ते मरत नाही, खवळते. वाघ तर सोडूनच दे, वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एक मधला प्राणी आहे, जन्मभर कोर्टात फिरशीन. पिकासाठी पायजे असन तर बारा बोरचं लायसन माग, सातबारा जोड, ते रिव्हॉल्वरपेक्षा लवकर भेटते कारण कायद्यातच लांब नळीच्या बंदुकीले पीक राखाचं अन संरक्षणाचं कारण चालते. पण लायसन भेटलं म्हणून डुक्कर मारता येत नाही बरं, त्याले फॉरेस्टची परवानगी वेगळी.

ताडोबा_बफर:
रोहीभाऊ लवकर भेटते म्हणून राह्यले, आमच्या चंद्रपूरकडं तर आजोबाच्या नावची भरमार बंदूक बापाच्या नावावर करता करता चपला झिजल्या. प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं आहे.

दहा_मीटर_अमरावती:
सारे लायसनमध्येच अटकले, शौकाचं कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो. माही पोरगी एअर पिस्तूल खेळते. भाऊ तुमाले निशाणा धराची मजा पायजे ना, मग .१७७ चं एअर पिस्तूल घ्या. २० जूलच्या (छर्ऱ्याच्या जोराचं माप) आतलं अन .१७७ बोरचं असलं का लायसन लागत नाही, दुकानदार आधार अन पत्ता घेऊन देते. .२२ च्या एअरगनच्या नादी नोका लागू, दुकानदार काहीबी म्हणो, ती सूट .१७७ लेच आहे.

स्पर्धेतलं एअर पिस्तूल पाच-सहा जूलचंच असते, पण मजा पाहा. दहा मीटरवर कागद, त्याच्यात दहाचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा, म्हणजे शर्टाच्या बटनाएवढा. एका हातानं धराचं, दुसरा हात खिशात. पहिल्या दिवशी सारे म्हणते हे काय लेकराचं खेळणं, अन मग कागदावर लागतच नाही. डोळा मागच्या कागदावर ठेवला का गेला शॉट, डोळा नळीच्या टोकावरच्या साईटवरच पायजे, कागद धुकट दिसला तरी चालते. चाप असा दाबाचा का कधी सुटला ते आपल्यालेच समजू नये. २०२४ मध्ये पॅरिसले मनू भाकरनं ह्याच दहा मीटर एअर पिस्तूलमध्ये ब्राँझ आणलं, अन आपली कोल्हापूरची राही सरनोबत पिस्तूलमध्येच २०१८ च्या एशियन गेम्सची गोल्ड मेडलिस्ट आहे.

पैशाचं म्हणान तर देशी स्प्रिंगवालं काही हजारात येते, शिकाले पुरते. मॅचचं विदेशी, मोरिनी, स्टेयर, पार्डिनी, ते दीड-दोन लाखाच्या घरात, ते आता नोका घेऊ. आधी क्लबमध्ये जा, तठी भाड्यानं चालवाले भेटते, हाताले मूठ कोणती बसते ते समजते, मग घ्या. तुमच्या गोदामात दहा मीटर सहज निघतीन. लाकडाच्या पेटीत जुन्या चिंध्या ठासून भरा, मागून जाड लोखंडी पत्रा, समोर कागद. दरवाज्याले कडी लावून घ्या, खतं घ्याले आलेला माणूस एकदम समोर नको. चष्मा घाला, छर्रा उलटा येते. अन खेळून झालं का हात धुवा, शिसं असते ते. पाखरांवर मात्र चालवाचं नाही, हरियाल आपला राज्यपक्षी आहे, अन लाव्या-तितरावर छर्रा मारणं बी शिकारच होते.

अकोल्याचा_शौकीन:
दहा मीटर भाऊचं पटलं पण सुभेदार साहेब, .३२ घ्याचंच म्हटलं तर मी म्हणतो पिस्तूल बरं. अशनी चपटी आहे, कमरेले दिसत नाही, रिव्हॉल्वरचा सिलेंडर शर्टातून फुगते अन साऱ्या गावाले समजते. मॅगझिन बदलाले बी सोपं.

माजी_सुभेदार_वर्धा:
शौकीन भाऊ, चपटी आहे हे खरं. पण काडतूस जुनं निघालं, नाही फुटलं, तर पिस्तुलात स्लाईड ओढून ते बाहेर काढा लागते, अंधारात थरथरत्या हातानं. रिव्हॉल्वरमध्ये परत चाप दाबला का दुसरं काडतूस समोर. आपल्याकडं लोक एक डबा दहा वर्षं कपाटात ठेवते, त्याच्यावर ओल चढते, मग हाच फरक जीवावर येते. रिव्हॉल्वरचा तोटा म्हणजे घोडा न चढवता चाप ओढला तर लय जड जाते अन नळी खाली झुकते, सवय नसन तर पाच मीटरवर बी चुकते.

वावरवाल्या भाऊ, तुह्या बजेटमध्ये .३२ बसवाचं तर सेकंडहँडच. लायसनवाल्याकडून लायसनवाल्याले विकता येते, पण विकनाऱ्यानं कलेक्टरले नाहीतर ठाण्यात लेखी कळवून ४५ दिवस थांबा लागते, नाहीतर सरळ डीलरकडून घे. घेतानी पहिले सिलेंडर उघडून खाली आहे ते आपल्या बोटानं पाह्य. मग घोडा चढवून सिलेंडर बोटानं हलवून पाह्य, डगडग हालत असन तर ठेवून दे. नळीत मागून उजेड टाकून पाह्य, आतून काळे खड्डे दिसले तर कोणीतरी झाडून साफ न करता ठेवलं होतं. स्क्रूचे खाचे चिरडलेले असतीन तर समज गावच्या लोहारानं उघडलं आहे. अन हत्याराचा नंबर कागदाशी अक्षर-अक्षर जुळला पायजे.

वावर_अन_दुकान:
लय आभार सगळ्यायचे. बायकोले वाचून दाखवलं तर ते म्हणते का आधी सहाच्या आत दुकान बंद करा, पिस्तूल मंग पाहू. ते बी खरंच आहे, वसुलीच्या दिवशी भाच्याले संग घेतो अन दुपारीच बँकेत भरतो. लायसनचा अर्ज टाकतोच, दूधवाल्याच्या एफआयआरची प्रत काढाले उद्या ठाण्यात जातो, भेटन तवा भेटन. तवरोक दहा मीटर भाऊ, एअर पिस्तूल पक्कं. छर्रे कोणते घ्याचे, दुकानात टोकदार बी होते अन चपटे बी.

दहा_मीटर_अमरावती:
चपट्या डोक्याचे घ्या. कागदावर गोल साफ भोक पडते, मार्क मोजाले सोपं जाते. टोकदारानं कागद फाटते अन मग नऊ का दहा याच्यावरून घरात भांडण.