ग्वाटेमाला : सिसिगची १२ वर्षं खरंच वाया गेली?

मृद्गंध :
एल साल्वादोरच्या धाग्यावर पाटील लिहून गेले, की तिथले अध्यक्ष बुकेले यांनी दोन वर्षांत टोळ्या संपवल्या आणि ग्वाटेमालात संयुक्त राष्ट्रांचं सिसिग, म्हणजे भ्रष्टाचार आणि गुन्हेगारी जाळी खणणारा आयोग, १२ वर्षं कागद रंगवत बसलं. हे वाचून गप्प बसवेना.

सिसिगला स्वतः खटला चालवायचा अधिकारच नव्हता. २००७ ते २०१९, प्रत्येक प्रकरण स्थानिक सरकारी वकिलांच्या जोडीनं, सहफिर्यादी म्हणून. हातात मुख्य हत्यारं दोन : न्यायाधीशाच्या परवानगीनं फोन टॅपिंग आणि माफीचा साक्षीदार. त्यावर २०१५ मध्ये 'ला लीनेआ' हा कस्टममधला घोटाळा बाहेर काढला. आयातदारानं ठरलेल्या नंबरवर फोन करायचा, कस्टममध्ये मालाची किंमत कमी लागायची. करातले सुमारे ४० टक्के सरकारला, ३० टोळीला, उरलेले ३० आयातदाराला सुटायचे. मे महिन्यात उपाध्यक्ष बाल्देत्ती गेल्या, सप्टेंबरात अध्यक्ष पेरेस मोलिना. हे कागद रंगवणं?

पाटील :
त्या दोघांना शिक्षा कधी झाली तेही लिहा. डिसेंबर २०२२, १६ वर्षं. तोवर सिसिगला टाळं लागून तीन वर्षं झाली होती. पुढचे अध्यक्ष मोरालेस यांनी २०१८ मध्ये मुदतवाढ नाकारली आणि देशाबाहेर गेलेल्या सिसिगच्या आयुक्त वेलास्केसना परत पाऊल टाकू दिलं नाही. पाहुण्याच्या जिवावर घर झाडलं की असंच होतं.

रेवा :
आणि साल्वादोर? तिथला खुनांचा दर २०१५ मध्ये लाखामागे शंभरावर होता, २०१९ मध्येच चाळिसाच्या आत आला. आणीबाणी लागली मार्च २०२२ मध्ये, तीन दिवसांत ८७ खून पडल्यावर. भ्रष्टाचारासाठी तिथंही सिसिएस नावाचा असाच आयोग होता. २०२१ मध्ये तो बुकेलेंनीच गुंडाळला, महाभियोक्ता (सरकारी वकिलांचा प्रमुख) आणि घटनापीठाचे पाच न्यायाधीश काढल्यावर महिनाभरात. ग्वाटेमालाचं मुख्य दुखणं टोळ्यांतली टॅटूवाली पोरं नाहीत, कस्टम आणि कोर्ट आहे.

दगडफूल :
कोर्टच! न्यायाधीशांच्या निवड समित्यांवर कुणी बोलतच नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

सर्वोच्च न्यायालयाचे १३ न्यायाधीश संसद २६ जणांच्या यादीतून निवडते, मुदत ५ वर्षं. यादी करते समिती. तिच्यात प्रत्येक विधी शाखेच्या अधिष्ठात्याला एक जागा, तितक्याच वकील संघटनेच्या, तितक्याच अपील न्यायाधीशांच्या. म्हणजे एखाद्या खाजगी विद्यापीठानं लॉ फॅकल्टी उघडली, की समितीत तीन खुर्च्या वाढल्या. जुन्या सान कार्लोस विद्यापीठाला एक मत, कालच्या विद्यापीठालाही एकच. शिवाय अपील न्यायाधीशांची यादी करणाऱ्या समितीत सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. तू मला निवड, मी तुला निवडतो. २०१९ मध्ये मुदत संपली तरी नव्यांची नेमणूक लटकली आणि जुनेच नोव्हेंबर २०२३ पर्यंत खुर्चीत राहिले.

पाटील :
म्हणजे कायद्याच्या वाटेनं काही होत नाही, हे तुम्हीच सिद्ध केलंत!

दगडफूल :
तोंडात शब्द घालू नका. २०१६ मध्ये या समित्या काढणारी घटनादुरुस्ती संसदेत आली होती. मूळनिवासींच्या न्यायपद्धतीच्या कलमावर भांडण पेटलं आणि सगळाच मसुदा अडकला. ते कलम सुरुवातीलाच वेगळं काढायला हवं होतं. चूक डावपेचाची झाली, वाटेची नाही.

मृद्गंध :
ते कलम काढायचं म्हणजे निम्म्या देशाला बाहेर ठेवायचं. हे मला अजिबात मान्य नाही.

पाटील :
तीन खुर्च्यांचं गणित मला ठाऊक नव्हतं, ते मानतो. पण आरेवालो जानेवारी २०२४ मध्ये अध्यक्ष म्हणून आले तेव्हा संसदेत त्यांच्या पक्षाच्या जागा १६० पैकी २३. महाभियोक्ता पोरास यांना त्यांनी तेव्हाच का नाही घरी पाठवलं?

रेवा :
कारण २०१६ च्या कायद्यानं ते शक्यच नव्हतं. महाभियोक्त्याला जाणूनबुजून केलेल्या गुन्ह्यात अंतिम शिक्षा झाल्याशिवाय अध्यक्ष हात लावू शकत नाही. ही दुरुस्ती झाली पोरास यांच्या आधीच्या महाभियोक्ता अल्दाना पदावर असताना, सरकारी वकिलांना राजकारण्यांपासून वाचवायला. पुढे त्याच कलमाच्या आडोशाला पोरास बसल्या, आणि २०२१ मध्ये त्यांनी हाकललेले भ्रष्टाचारविरोधी सरकारी वकील सांदोवाल यांना देश सोडावा लागला. तुम्हाला हवा तसा अध्यक्षाला मोकळा हात द्या, मग मोरालेसनी २०१७ मध्येच अल्दानांना घरी पाठवलं असतं.