आंब्याच्या वेबसाइटच्या अटी : साक्याचं काय ते आधी लिहा

दादा, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ मोठ्या कंपनीच्या साइटवरून उचलणार म्हणालात, ती कृपया टाकू नका. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला वा पैसे द्यायला नकार देता येत नाही.

आपल्या हापूसचा खरा वाद साक्याचा. फळ वरून देखणं, कापल्यावर आत पांढरट गर. बागायतदारालाही ते बाहेरून कळत नाही, मग गिऱ्हाईक कसं ओळखणार? म्हणून आम्ही देवगडहून पेट्या पाठवताना साध्या मराठीत लिहितो: साका निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो दोन दिवसांत पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत. फळ कच्चं येईल, आढीत (पिकायला गवतात) किती दिवस ठेवायचं, हेही तिथेच. यातूनच निम्मी भांडणं मिटली.

तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि फोन टाका. तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत द्यावी लागते, निवारण महिन्याभरात करावं लागतं. ‘वाद फक्त सिंधुदुर्ग न्यायालयात’ लिहूनही उपयोग नाही, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक स्वतःच्या गावी तक्रार करू शकतो.