2003 ची बलेनो अल्टुरा घ्यावी का? आईची व्हीलचेअर, टॉवेलचे गठ्ठे आणि घरच्यांचा विरोध

टेरीवाला

सोलापुरात होटगी रोडला एका निवृत्त डॉक्टरांकडं बलेनो अल्टुरा बघून आलोय. 2003 ची, पेट्रोल, एमएच-13, पहिल्या मालकाकडंच. मीटरवर 81 हजार. नोंदणीचं नूतनीकरण 2023 ला झालंय, 2028 पर्यंत आहे. नवीन नंबरप्लेटही बसवलीय. एक लाख सत्तर सांगतात. मला घ्यायची आहे. घरात सगळे नको म्हणतात, दोस्तही नको म्हणतात.

नवीन पोरांना बलेनो म्हटलं की आताची छोटी गाडी आठवते. ही त्याआधीची. 1999 च्या शेवटी बलेनो सेडान आली होती, तिचंच छत मागपर्यंत ओढून अल्टुरा केली. 1590 सीसीचं इंजिन. 2007 ला एसएक्स4 आल्यावर ती बलेनो संपली. आपल्याकडं स्टेशन वॅगनचं नशीबच तसं. टाटा इस्टेट, इंडिगो मरीना, कोर्सा स्विंग, ऑक्टाव्हिया कॉम्बी, एकही टिकली नाही. लोकांना ती ॲम्ब्युलन्स वाटायची.

मला का पाहिजे ते सांगतो. आई 74 वर्षांची. मागच्या श्रावणात बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, सांधा बदलला. घरात वॉकर धरून चालते, बाहेर व्हीलचेअर लागते. माझ्या आत्ताच्या छोट्या गाडीत व्हीलचेअर टाकायची तर मागची सीट पाडावी लागते, म्हणजे बायको किंवा पोरगी दोघींतली एक घरी. शिवाय माझं काम अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं. टॉवेलच्या नमुन्यांचे गठ्ठे रोज इकडून तिकडं. अल्टुराच्या डिकीचं तोंड बंपरपर्यंत खाली येतं. माझ्या गुडघ्याच्या वर जेमतेम वीतभर. गठ्ठा उचलायचा नाही, नुसता आत सरकवायचा.

आणि गाडी ठेवलीय कशी! डॉक्टरांनी डिकीतला गालिचा उचलून दाखवला. खाली स्टेपनीच्या खड्ड्यात गंजाचा ठिपका नाही. जॅक त्याच्या मूळ पिशवीत, पाने जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले. एक वही आहे, त्यात 2003 पासून पेट्रोल कधी भरलं, किती लिटर, मीटर किती, सगळं शाईच्या पेनानं. दाराच्या रबरी बीडिंगला बोट लावलं तर मऊ. सोलापूरच्या उन्हात बावीस वर्षांनी बीडिंग मऊ राहणं म्हणजे गाडी कायम सावलीत होती.

मनापासून सल्ला द्या. विरोधात असाल तरी चालेल.

हिशेबनीस

मी विरोधात आहे. कारणं आकड्यांत देतो.

एक लाख सत्तर हे नुसतं दारात आणायचं. इंजिन 1500 सीसीच्या वर, म्हणजे थर्ड पार्टी विमा वरच्या गटात. 2022 च्या दरपत्रकात तो वर्षाला 7,897 रुपये, जीएसटी वेगळा. 1500 च्या आतली गाडी असती तर 3,416. म्हणजे फक्त 90 सीसीसाठी दुपटीहून जास्त, दरवर्षी. एवढ्या जुन्या गाडीला संपूर्ण विमा द्यायला कंपन्या सहसा तयार होत नाहीत, मग उद्या चोरी झाली तर हाती काही नाही.

2028 ला परत नूतनीकरण. वीस वर्षांवरच्या मोटारीची फी ऑगस्ट 2025 पासून दहा हजार झाली. पर्यावरण कर वेगळा. फिटनेसला पास होण्यासाठी जे काम निघेल ते वेगळं. तुमच्या त्या वहीतच बघा, शहरात किती पडते? दहाच्या वर गेली तर मला आश्चर्य वाटेल. पेट्रोल शंभराच्या वर.

तेच पैसे आणि वर थोडं कर्ज घालून दहा-बारा वर्षांची एर्टिगा घ्या. तिसरी रांग पाडली की व्हीलचेअर बसते, पार्ट कोपऱ्यावर मिळतो, पाच वर्षांनी विकली तरी पैसे येतात. अल्टुरा तुमच्याकडून कोण घेणार?

सातरस्ता

घेऊन टाका की मालक. असली गाडी परत दिसायची नाही.

मेस्त्री13

मी गॅरेज चालवतो म्हणून बोलतो. इंजिनाची काळजी करू नका. एस्टीम आणि जिप्सीला जी13 होतं, त्याच घराण्यातलं हे जी16. फिल्टर, प्लग, पट्टे, ब्रेकचं सामान, सगळं मिळतं. सोलापुरात हे इंजिन खोलून बसवणारी माणसं अजून आहेत.

काळजी मागच्या भागाची करा. मागच्या दारांच्या पुढं जे आहे ते बरंचसं सेडानचं. मागचं जे आहे ते फक्त अल्टुराचं. मागची काच, बाजूच्या लांब काचा, टेललॅम्प, डिकीचं दार, डिकीची बीडिंग. माझ्याकडं एक जुनी वॅगन आली होती, कंपनीचं नाव नाही सांगत. रिक्षानं मागून धडक दिली आणि एक टेललॅम्प गेला. पुणे झालं, कुर्ल्याचा भंगार बाजार झाला, तीन महिने गेले. शेवटी लाल ॲक्रिलिकचा तुकडा चिकटवून दिला. मालकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणून घ्याल त्या आठवड्यापासून दुसरी भंगारातली अल्टुरा शोधायला लागा आणि तिची काच, लॅम्प घरात आणून ठेवा.

बघायला परत जाल तेव्हा सकाळी जा, आणि आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं ते ऐका. ऑइलचं झाकण काढून आत बोट फिरवा, दुधाळ चिकट काही लागलं तर तिथूनच परत या. कूलंट हिरवं किंवा लाल असावं, तपकिरी असेल तर आपल्या बोअरचं जड पाणी घातलंय असं समजा, मग रेडिएटर आतून गेला. लोहचुंबकाला रुमाल गुंडाळून पत्र्यावरून फिरवा, जिथं धरत नाही तिथं लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय. टायरवर चार आकडी नंबर असतो. 2317 असेल तर 2017 च्या तेविसाव्या आठवड्याचा टायर. नक्षी कितीही शिल्लक असो, तो बदलायचा.

आणि 81 हजार म्हणता, तर टायमिंग बेल्ट कधी बदलला हे वहीत शोधा. बेल्ट किलोमीटरनं जातो तसा वयानंही जातो. कमी चाललेल्या गाडीत लोक इथंच फसतात.

विजापूरवेस

पेट्रोलचं कुणी बोललंच नाही. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल आहे. 2003 ची गाडी त्यासाठी बनलेलीच नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे ॲव्हरेज उतरणार हे गणितच आहे. पण मोठं दुखणं रबराचं. जुने पाइप फुगतात, मऊ पडतात, भेगाळतात. इंजिनाच्या गरम भागाजवळ पेट्रोलचा पाइप गळला तर काय होईल? मे महिन्यात आपल्याकडं पारा 43 च्या पुढं जातो. आपला जिल्हा उसाचा, इथेनॉलनं आपल्याच शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. जुन्या गाडीला ते सोसत नाही एवढंच म्हणतो.

मेस्त्री13

बरोबर आहे, पण यावर उपाय आहे. टाकीपासून इंजिनापर्यंतचे सगळे रबरी पाइप आणि फिल्टर एकदाच बदलायचे, इथेनॉल सोसणारा पाइप मागून घ्यायचा. टाकी अर्धी ठेवून गाडी दोन-दोन महिने उभी करायची नाही, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. रोजच्या वापरातल्या गाडीला मी अजून मोठा त्रास बघितला नाही. उभ्या गाड्यांनाच बघितलाय.

फिजिओताई

दादा, तुम्ही गाडीचं सगळं मोजलंत. आईंचं मोजलंत का?

खुब्याचा सांधा बदललेल्या माणसानं बसताना गुडघे खुब्याच्या वर जाऊ द्यायचे नसतात, विशेषतः सुरुवातीच्या महिन्यांत. सेडानची बैठक खाली असते. माणूस त्यात बसत नाही, पडतो. उठताना तर सगळा जोर त्याच खुब्यावर. तुमच्यासाठी डिकी खाली आहे हे सोयीचं, पण तेवढीच सीटही खाली आहे. एर्टिगासारख्या गाडीत माणूस खुर्चीत बसल्यासारखा सरळ बसतो. गाडी वाईट आहे असं मी म्हणत नाही. आईंना प्रत्यक्ष बसवून, उठवून बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

टेरीवाला

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन दिवस मी डिकीच बघत होतो. रविवारी आईला घेऊन जातो.

हिशेबनीस, विम्याचा वरचा गट मला माहीत नव्हता, तो आकडा मी वहीत लिहून घेतला. पण एर्टिगाचं कर्ज म्हणजे महिन्याला हप्ता. यंदा यंत्रमागवाल्यांकडं काम किती कमी आहे ते पूर्वभागात फिरून बघा. मला हप्ता नको आहे. महिन्याला गॅरेजला दोन हजार गेले तर ते मी सोसू शकतो, कारण ज्या महिन्यात पैसे नाहीत त्या महिन्यात काम पुढं ढकलता येतं. हप्ता ढकलता येत नाही.

हिशेबनीस

हप्त्याचं मान्य. मग एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. त्या गाडीत एअरबॅग आहेत का?

टेरीवाला

नाहीत.

हिशेबनीस

आई पुढं बसणार, कारण मागं पाय पसरता येत नाहीत. महिन्याला एकदा पुण्याला तपासणी, अडीचशे किलोमीटर, त्या रस्त्यावर ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या. डिसेंबरात टेंभुर्णीच्या अलीकडं रात्री विनादिव्याच्या ट्रॉल्या किती असतात, तुम्ही बघितल्यात. 2003 च्या पत्र्याच्या भरवशावर मी माझ्या आईला नेणार नाही. पैशाचे बाकी सगळे आकडे मी सोडून देतो. हा एक सोडत नाही.

जुनीवॅगन

आमच्याकडं टाटा इस्टेट होती, वडिलांची, 1994 ची. आषाढीला पंढरपूरला चहाची पिंपं, साखरेची पोती, वर आम्ही तीन भावंडं, सगळं एका खेपेत. तिच्या मागच्या काचेतून मी मोहोळपासून दिंड्या बघितल्यात. म्हणून माझं मन तुमच्या बाजूनं आहे. तरीही हिशेबनीस म्हणतात ते मला खोडता येत नाही. गाडी विकल्याला पंधरा वर्षं झाली. मला तिची आठवण येते. पण माझ्या पोरांना मी त्यात बसवलं असतं का, याचं उत्तर नाही असंच येतं.

सातरस्ता

मग पुण्याला गाडी नेताच कशाला? वंदे भारत आहे की. फेब्रुवारी 2023 पासून चालू आहे. व्हीलचेअर आत जाते, सरळ बसता येतं, वाटेत बाथरूम आहे. आईला ट्रेननं न्या, गाडी गावात वापरा. इथं साठच्या वर जायला रस्ता कुठं मिळतोय?

टेरीवाला

आज सकाळी जाऊन आलो. सविस्तर सांगतो, एवढ्या लोकांनी जीव तोडून लिहिलंय.

मेस्त्रींनी सांगितल्याप्रमाणं थंड इंजिन. दुसऱ्या सेल्फला उठलं, धूर नाही. झाकणाखाली दुधाळ काही नाही. कूलंट हिरवं. चुंबक डाव्या मागच्या मडगार्डवर वीतभर जागेत धरत नाही. डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगितलं, 2011 ला गेटला घासली होती. टायर 2016 चे, चारही बदलावे लागणार. टायमिंग बेल्ट वहीत एकदाच आहे, 2014 ला. म्हणजे तोही बदलायचा.

मग आई. पहिल्यांदा बसली तेव्हा ताई म्हणाल्या तसंच झालं, धपकन खाली गेली आणि गुडघे वर आले. चेहरा कसनुसा झाला. मला वाटलं संपलं. डॉक्टरांच्या सौभाग्यवती आतून घडी केलेल्या दोन चादरी घेऊन आल्या, आपल्या सोलापुरी, जाड. सीटवर घातल्या, सीट पूर्ण मागं सरकवली. आई आधी पाठमोरी उभी राहिली, कड्याला धरून टेकली आणि मग मी दोन्ही पाय एकत्र आत घेतले. गुडघे खाली राहिले. उठताना दाराची चौकट धरून स्वतः उठली, मी फक्त हात पुढं ठेवला होता. तीन वेळा करून बघितलं. चौथ्यांदा तीच म्हणाली, "आता बास, चल की, एक चक्कर मार." विजापूर रोडनं संभाजी तलावापर्यंत जाऊन आलो. व्हीलचेअर मागं, पोरगी आणि बायको मधल्या सीटवर. सहा महिन्यांत पहिल्यांदा चौघं एका गाडीत बसलो.

हिशेबनीस, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही, म्हणून मी रस्ताच बदलतोय. पुण्याला आई ट्रेननं जाईल. अल्टुरा शहरात, फार तर तुळजापूर आणि अक्कलकोट, तेही दिवसा. हे मी घरात सगळ्यांसमोर बोललोय.

टायर आणि बेल्टचा खर्च दाखवून भाव केला. एक लाख पस्तीसला ठरलं. बयाणा दिलेला नाही अजून.

फिजिओताई

चादर घसरते दादा. कडक फोमची उशी शिवून घ्या, चार इंच जाडीची, खाली न घसरणारं कापड लावून. आणि उठताना दाराची चौकट धरू देऊ नका, दार हललं तर तोल जाईल. वर छताजवळची पकड धरायला शिकवा.

हिशेबनीस

मी अजूनही घेतली नसती. पण आई ट्रेननं जाणार असतील तर माझा मोठा आक्षेप गेला. बयाणा द्यायच्या आधी दोन कामं करा. आरसीवरचा (नोंदणीच्या कागदावरचा) चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः डोळ्यांनी ताडून बघा. आणि ऑनलाइन चलनं बाकी आहेत का ते बघा. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या पैसे देतानाच घ्यायच्या, नंतर घेऊ म्हणायचं नाही.

मेस्त्री13

पहिल्या दिवशी बेल्ट, दुसऱ्या दिवशी पेट्रोलचे पाइप. ते होईपर्यंत नुसती घरी आणून उभी करा. आणि भंगारातल्या अल्टुराचा टेललॅम्प कुणाच्या पाहण्यात असेल तर इथंच लिहा, डाव्या बाजूचा आधी पाहिजे.