२१ टक्के मतं आणि जागा फक्त २? ब्रिटिश कोलंबिया २००१

आकडेमोड: कॅनडातल्या या प्रांतात मे २००१ मध्ये सत्ताधारी एनडीपीला (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) साधारण २१.६ टक्के मतं पडली, पण ७९ पैकी २ जागा. विरोधी लिबरल पक्षाला ७७. इतकी तफावत कशी?

पायवाट: पद्धत आपल्यासारखीच, ज्याला सर्वाधिक मतं तो निवडून. एनडीपीची मतं प्रांतभर पसरलेली, त्यामुळे बहुतेक ठिकाणी दुसरा क्रमांक. फक्त व्हँकुव्हरच्या पूर्व भागातल्या दोन जागा टिकल्या. मुख्यमंत्री उज्जल दोसांझही पडले. ग्रीन पक्षाला तर १२ टक्के मतं आणि भोपळा!

आकडेमोड: म्हणजे पद्धतीनेच घात केला?

जुनाखाते: अर्धाच. १९९६ मध्ये याच पद्धतीने एनडीपीला तारलं होतं: मतं लिबरलांपेक्षा कमी (३९.५ विरुद्ध ४१.८ टक्के), तरी ७५ पैकी ३९ जागा. तेव्हा तक्रार नव्हती. मतं निम्मी का झाली ते बघा. एनडीपी सरकारच्या तीन वेगवान फेरीबोटींच्या खर्चाचा २१ कोटी डॉलरचा अंदाज ४५ कोटींच्या वर गेला, आधीचे मुख्यमंत्री ग्लेन क्लार्क यांना १९९९ मध्ये पायउतार व्हावं लागलं.

पायवाट: खरा फटका नंतरचा. विधानसभेत अधिकृत पक्षाच्या दर्जाला ४ आमदार लागत. एनडीपीच्या निवडून आलेल्या दोघी आमदारांना तो मिळाला नाही, आणि त्याबरोबरचा निधीही.