मदत हवी: कोर्टाच्या फाईलमधला मूळ कागद गायब, कारकुनावर कारवाई कशी करायची?

महालवाला: तातडीने सांगा. आमच्या दाव्यात मूळ वाटणीपत्र दाखल केलं होतं. आता फाईल पाहिली तर त्या जागी साधी झेरॉक्स. पेन्सिलने टाकलेले पान नंबर ४१ वरून थेट ४४, आणि दस्तऐवज यादीत व्हाइटनर लावून त्यावर 'प्रत' लिहिलेलं. रेकॉर्डचा कारकून म्हणतो, "शोधावं लागेल, खर्च येईल." या माणसाची नोकरी घालवायची आहे. तक्रार कुठे करू? लेक्चर नको.

बाररूममधला: दावा चालू आहे की निकाली? कोर्ट कुठलं? वाटणीपत्र नोंदणीकृत होतं का?

महालवाला: जिल्ह्यातलं तालुका कोर्ट, नाव टाकणार नाही. निकाल विरुद्ध गेला, अपील केलंय.

तर्रीवाला: १०६४ ला फोन लावा ना भाऊ! लाचलुचपतवाले सापळा लावतात. आमच्या मेव्हण्याचा फेरफार अडला होता, तलाठी कसा सरळ झाला!

बाररूममधला: इथे तलाठी कुठून आला? मागणी अजून उभी असेल तरच सापळा. महालवाले, पैसे दिले का? भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही आरोपी होतो. बळजबरीने द्यावे लागले असतील तर ७ दिवसांत कळवावं लागतं.

महालवाला: ते इथे लिहीत नाही.

तर्रीवाला: म्हणजे दिले 😄

कोराडीकर: सरळ पोलिसात गुन्हा नोंदवा.

बाररूममधला: कागद कोर्टाच्या ताब्यात असताना त्यात बनावट झाली असेल तर कोर्टाच्या लेखी तक्रारीशिवाय दखल घेता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं, कलम २१५ वाचा. त्यासाठी कलम ३७९ खाली कोर्टातच अर्ज द्यावा लागतो.

कोराडीकर: बनावट कोण म्हणतंय? कागद चोरीला गेला. चोरीला कसली परवानगी?

डिजिटल_विदर्भ: ई-कोर्टच्या ॲपवर १६ अक्षरी सीएनआर नंबर (दाव्याचा ओळख क्रमांक) टाका, पुढची तारीख लगेच दिसते.

कोराडीकर: तारीख कोणी विचारली राजेहो?

निवृत्त_नाझर: तक्रार प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडे, नागपूरच्या सिव्हिल लाइन्सला. नावानिशी, सहीनिशी द्या. निनावी अर्ज कोणी पुढे नेत नाही. दाखल करतानाच्या यादीची तुमच्याकडची पोच आणि आताच्या यादीची नक्कल, दोन्ही जोडा. प्राथमिक चौकशीत तथ्य दिसलं तर १९७९ च्या शिस्त व अपील नियमांखाली दोषारोपपत्र निघतं. फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा विभागीय चौकशीत लागत नाही, पण साक्षीला तुम्हालाच उभं राहावं लागेल. तिथेच बहुतेक तक्रारदार गळतात. शिक्षा ठपक्यापासून बडतर्फीपर्यंत काहीही होऊ शकते.

एक मात्र आधी तपासा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १३ नियम ९ प्रमाणे, ज्याने कागद दाखल केला त्याला मूळ परत नेता येतो. अपिलाचा टप्पा संपण्याआधी न्यायचा तर प्रमाणित नक्कल ठेवून, हमी देऊन. पावती घेतल्याशिवाय कागद सुटत नाही. त्या पावतीवर सही कोणाची? वादी तुम्ही एकटेच होता का?

महालवाला: तिघे भाऊ. पण साधी झेरॉक्स ठेवलीय, प्रमाणित नाही. व्हाइटनर काय भावाने लावलं?

निवृत्त_नाझर: म्हणूनच पावती पाहा म्हणतो. शिवाय रेकॉर्ड अपिलासाठी वर मागवलं गेलं असेल तर जावकची नोंदही बघा. फाईल चार हातांतून फिरते. नुसता समोर बसलेला धरला तर तो चौकशीत सहज सुटतो, मग खरा कोण ते कधीच कळत नाही.

तर्रीवाला: नाझरसाहेब आपल्या कोर्टातल्या माणसांना वाचवून राहिले.

निवृत्त_नाझर: माझ्या डोळ्यांदेखत दोघे बडतर्फ झालेत. कागद बरोबर होते म्हणून.

महालवाला: चौकशीचं पुढे काय झालं ते माहिती अधिकारात मिळेल ना?

बाररूममधला: अवघड. गिरीश देशपांडे प्रकरणात २०१२ साली सुप्रीम कोर्टाने असा तपशील वैयक्तिक धरलाय. अन् कारकुनाचं नंतर बघा हो, तुमचं अपील मूळ कागदावर उभं आहे. वाटणीपत्र नोंदणीकृत असेल तर दुय्यम निबंधकाकडून नक्कल काढा, नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६० खाली दुय्यम पुराव्याचा (मूळ नसल्याने नक्कल चालवून घेण्याचा) अर्ज अपिलात द्या. पुन्हा विचारतो, नोंदणी झाली होती का?

महालवाला: वकिलाला विचारून सांगतो.