चेन्नईहून तिरुचीला जायला आता कोयंबेडू की किलांबाक्कम?

विट्याचा_पोरगा:
नमस्कार मंडळी, इथं गलाईवाले (सोनं-चांदी गाळायच्या धंद्यातले) बरेच आहेत म्हणून इथंच विचारतो. चुलतभावाचं तिरुचीला दुकान आहे, त्यानं तिकडंच घर बांधलंय, जानेवारीत वास्तुशांत आहे आणि मी आई-आप्पांना घेऊन चाललोय. विट्यातनं एसटीनं स्वारगेट, पुण्यातनं रेल्वेनं चेन्नई सेंट्रल, एवढं रिझर्व्हेशन झालंय. पुढं तिरुचीची रेल्वे फुल्ल दाखवतीय, म्हणजे बसच. आप्पा म्हणतात त्यात काय अवघड, कोयंबेडूला जायचं आणि लागंल त्या गाडीत बसायचं, पण ते गेले होते त्याला लय वर्षं झाली. भाऊ म्हणतो कोयंबेडूला जाऊच नका, स्टँड गावाबाहेर गेलंय. आता तो कायम स्वतःच्या गाडीनं फिरणारा, त्याला बसचं काय विचारायचं. आईचे गुडघे दुखतात, बरोबर आहेराचं गाठोडं. सेंट्रलवरनं तिथं जायचं कसं आणि वेळ किती धरायचा?

गलाई_चेन्नई:
भाऊ बरोबर सांगतोय तुमचा. ३० डिसेंबर २०२३ ला किलांबाक्कमच्या नव्या स्टँडचं उद्घाटन झालं आणि तिरुची, मदुराई, तंजावर, तिरुनेलवेली असल्या दक्षिणेकडच्या सरकारी गाड्या तिकडं गेल्या. वंडलूरचं झू माहिती असंल तर त्याच्या पुढं, जीएसटी रोडवरच (टॅक्स नव्हे, ग्रँड सदर्न ट्रंक रोड, दक्षिणेकडं जाणारा हमरस्ता). स्टँड मोठं आहे, ८८ एकराच्या आसपास जागा, स्वच्छ पण आहे, नाव ठेवायला जागा नाही. पण सेंट्रलपासनं लांब, तीसेक किलोमीटर धरा.

आता जायचं असं. सेंट्रलच्या बाहेर या, रस्त्यापलीकडं पार्क स्टेशन आहे, तिथनं तांबरम किंवा चेंगलपट्टूची लोकल धरा. तांबरमला उतरा, बाहेरून किलांबाक्कमला सिटी बस सारख्या असतात. वंडलूर स्टेशन स्टँडला जास्त जवळ आहे, पण गाठोडं आणि म्हातारी माणसं घेऊन मी तरी तांबरमच म्हणीन, तिथं गाड्या भरपूर. पुढनं गुलाबी रंगाची साधी सिटी बस आली तर आईंना तिकीटच नाही, २०२१ पासनं तिथं साध्या बसला बायकांना फुकट आहे, आपल्या एसटीत अर्धं तिकीट सुरू झालं त्याच्या आधीपासनं. सगळं धरून सेंट्रलवरनं दोन तास हातात ठेवा, संध्याकाळच्या गर्दीत सापडलात तर जास्तच. पुढं तिरुची सहा-सात तास. आणि संध्याकाळी पाच ते आठ त्या लोकलमध्ये गाठोडं घेऊन चढायचं धाडस करू नका, त्यापेक्षा सेंट्रलवर चहा पीत बसा.

मिरज_जंक्शन:
येताना तरी चेन्नईचा नाद सोडा राव. दादर-तिरुनेलवेली चालुक्य एक्सप्रेस सेलमवरनं येते आणि थेट मिरज-सांगलीला उतरवते. तिरुचीतनं सेलमला सकाळी बसनं या. गाडी रोज नाही एवढंच, वार बघून तारीख ठरवा. आमच्याकडचे निम्मे गलाईवाले तिनंच येतात, जत्रेच्या टायमाला डब्यात पाय ठेवायला जागा नसती.

सातारी_तर्री:
वाचून वाटलं की स्वारगेटचं पण असंच करावं. साताऱ्यातनं विनाथांबा गाडी कात्रजच्या बोगद्यापर्यंत झ्याक येते आणि पुढं स्वारगेटपर्यंत जीव जातो. कात्रजलाच मोठं स्टँड बांधा की, पुणेकरांची पण कटकट जाईल आणि आमची पण.

गलाई_चेन्नई:
@सातारी_तर्री दादा, तुमच्यासारखंच इथल्या लोकांनी केलं आणि मग काय झालं ते ऐका. ब्रॉडवेला जुनं स्टँड होतं, पार शहरात, गर्दीनं भरलेलं. म्हणून २००२ ला कोयंबेडूला हलवलं, तेव्हा ते लांबच वाटायचं. पुढं शहरच तिथवर येऊन पोचलं. २०१५ ला कोयंबेडूच्या दारात मेट्रो आली, म्हणजे तिरुचीवरनं पहाटे आलेला माणूस स्टँडातनं थेट मेट्रोत. आणि मग आठ वर्षांनी गाड्या उचलून तिथं नेल्या जिथं मेट्रो तर नाहीच, पण रेल्वेलाइन शेजारनं जात असून सुरुवातीला स्टेशन पण नव्हतं. विमानतळापासनं किलांबाक्कमपर्यंत पंधरा किलोमीटर मेट्रो वाढवायची योजना आहे, ती आधी झाली असती तर कुणी बोललं नसतं. लांबचा बसप्रवास स्वस्त आणि स्टँडवरनं घरी पोचायलाच रिक्षाचा खर्च, असं कितीजणांचं झालं.

ट्रॅव्हल्सवाले तर कोर्टात गेले. २०२४ च्या जानेवारीत त्यांना पण तिकडंच जा म्हणून सांगितलं होतं, फेब्रुवारीत मद्रास हायकोर्टानं पोरूर आणि सूरपट्टूला पॅसेंजर घ्यायची तात्पुरती मुभा दिली. म्हणून @विट्याचा_पोरगा, खाजगी गाडी बुक केलीत तर तिकिटावर चढायचं ठिकाण नीट वाचा, नाहीतर गाडी एकीकडं आणि तुम्ही दुसरीकडं.

स्वारगेटला २०२४ च्या सप्टेंबरात मेट्रो आली, जिल्हा न्यायालयला बदलून पुणे स्टेशनला जाता येतंय. आता कुठं सोय झाली तर स्टँड हलवा म्हणताय.

सातारी_तर्री:
कात्रजपर्यंत मेट्रो मंजूर आहे की, साडेपाच किलोमीटरची. ती झाल्यावर हलवा म्हणतोय मी, उद्या नाही.

गलाई_चेन्नई:
मग माझी काय हरकत नाही.

विट्याचा_पोरगा:
लय आभार. आप्पांना वाचून दाखवलं, म्हणाले मेट्रो होती तिथनं स्टँड हलवणाऱ्याला एकदा विट्याला आणा. 😂 पुणे स्टेशनला मेट्रोनं जायचं पण आत्ताच कळलं. एक राहिलं, आम्ही १३ जानेवारीला चेन्नईत उतरणार. चालंल का?

गलाई_चेन्नई:
अरे देवा. पोंगलच्या तोंडावर येताय होय. अख्खं चेन्नई त्या दोन दिवसांत गावाकडं निघतं आणि सगळं त्याच जीएसटी रोडनं. जादा गाड्या सोडतात खरं, पण त्या कुठनं सुटणार ते दरवर्षी आधी जाहीर करतात, ते बघून घ्या. सरकारी गाडीचं ऑनलाइन बुकिंग आजच करा, उद्यावर टाकू नका. नाहीच मिळालं तर मला इथं मेसेज टाका, रात्री आमच्याकडं मुक्काम करा आणि पहाटेची गाडी धरा.